अंगठ्यानं पाहिलेली लव

माझी आई शेवटपर्यंत मला फोनवर एकच विचारायची. "तू तिकडे कापूस वेचतेस का गो?"

"वेचत नाही. वेचायच्या आधी झाड बघते."

"बघून काय करतेस?"

"लिहिते."

"लिहून?"

इथे माझी गाडी अडायची. यवतमाळहून चिपळूणच्या पलीकडे फोनवरून हे समजावणं मला कधी जमलं नाही. आई गेली. आता संपादकांनी दिवाळी अंकात पानं दिली आहेत, बॅलन्स संपायची भीती नाही, तर सावकाश सांगते.

मी आठवीत शाळा सोडली. कारण काही मोठं नाही. आमच्याकडे थोरल्या मुलीनं सोडायची असते, तशी सोडली. लग्नानंतर नवऱ्याला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ट्रकवर काम मिळालं आणि आम्ही लाल मातीतून उठून काळ्या मातीत आलो. आमच्या गावात कापूस म्हणजे देवापुढची वात, नाहीतर दवाखान्यातलं निळ्या कागदातलं भेंडोळं. झाडाला लागलेला कापूस मी पहिल्यांदा एसटीच्या खिडकीतून पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "शेतभर एवढे कागद कोणी टाकले?" पुढच्या बाकावरच्या बाया थेट स्टँड येईपर्यंत हसत होत्या. इथे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात, हेही मला त्यांनीच सांगितलं.

आमच्या खोलीजवळ एका संस्थेनं शेड भाड्यानं घेतली होती. गावोगावहून कपाशीचं जुनं बियाणं जमवायचं, थोडंथोडं पेरून बघायचं, आणि कुठल्या वाणात काय गुण आहे ते टिपून ठेवायचं, असं तिथलं काम. मी गेले सरकी निवडायला. फुटकी बाजूला, किडकी बाजूला. काम सोपं होतं, पण मला रोज वाटायचं, आज कोणीतरी शाळेची मार्कशीट मागणार. शेडसमोर अनोळखी गाडी थांबली की भीती येऊन उभी राहायची. ती अजूनही येते. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी आता तिला बसायला जागा देते आणि कामाला लागते.

शेडच्या प्रमुख वानखडे मॅडम. बाभुळगावच्या. कपाशीत पीएच.डी. केलेली बाई, पण चपला काढून आमच्यात ढिगाशी मांडी घालून बसायची. घाबरट माणसाला प्रश्न फार पडतात. एक दिवस मी भीतभीतच म्हटलं, "मॅडम, या पिशवीवर 'बोंड मध्यम' लिहिलंय. हिच्यावरही 'बोंड मध्यम'. पण ही बोंडं तिच्या दीडपट आहेत. मग मध्यम म्हणजे केवढं?"

मॅडमनी दोन्ही पिशव्या हातात घेतल्या आणि हसल्या. "याच्यासाठीच तं मी झाड लावून राह्यली, ताई. उद्यापासून सरकी राहू द्या. माझ्या टेबलाशी बसा."

हे झाड म्हणजे काय, ते सांगते. इंग्रजीत त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. हा शब्द न अडखळता म्हणायला मला अख्खा हंगाम लागला, म्हणून शेडमध्ये आम्ही आपलं झाडच म्हणायचो. समजा, एका माणसानं लिहिलं 'पान खरखरीत', दुसऱ्यानं 'पान केसाळ', तिसऱ्यानं 'लव आहे', आणि चौथ्यानं नुसतं 'तीन'. चौघांनी एकच गोष्ट पाहिली की वेगवेगळ्या, हे कॉम्प्युटरला कळत नाही. माणसालाही कळत नाही, माणूस फक्त मान हलवतो. म्हणून आधी गुणांचं झाड मांडायचं. कपाशी हा बुंधा. त्याला मूळ, खोड, पान, फूल, बोंड, सरकी अशा फांद्या. पानाच्या फांदीला पुन्हा आकार, रंग, लव अशा डहाळ्या. आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला प्रश्न बांधलेले. झाडाचा कोणता भाग? त्याचं काय पाहिलं? कसं पाहिलं? कोणत्या मापात लिहिलं? एकाही प्रश्नाचं उत्तर राहिलं तर नोंद वर चढत नाही. 'बोंड मध्यम' अशी चढत नाही. एका बोंडातला कापूस काढून काट्यावर ठेवायचा, ग्रॅम लिहायचे, मग चढते.

शिवाय कोणत्या डहाळीचं कोणत्या डहाळीशी नातं आहे, तेही त्यात लिहिलेलं. म्हणजे पानाच्या मागच्या बाजूला दाट लव असेल तर तिथे तुडतुडे टिकत नाहीत. तुडतुडे हे हिरवे, तिरपे चालणारे बारीक किडे. पानाचा रस पितात. पान कडेनं वळतं, पिवळं पडतं, मग तांबूस होऊन करपल्यासारखं दिसतं. लव दाट असली की त्यांना पानाशी नीट टेकता येत नाही, अंडीही घालता येत नाहीत. ही लव पुढे यायची आहे, म्हणून लक्षात असू द्या.

आमचे प्लॉट दारव्ह्याजवळ होते. तिथलं सगळं नामदेवभाऊ बघायचे. उंच, काटक, डोक्याला कायम दुपट्टा. त्यांच्या नोंदी मी कॉम्प्युटरवर चढवायला बसले तेव्हा पहिल्याच हंगामात एक चमत्कार सापडला. मी त्यांना फोन केला.

"भाऊ, जुलैपेक्षा ऑगस्टमध्ये झाडांची उंची कमी झाली आहे."

"झाली असंल."

"झाडं बुटकी होतात का?"

"ताई, या साली माणसं बी बुटकी होऊन राह्यली, पऱ्हाटीचं काय घेऊन बसल्या?"

मग प्लॉटवर जाऊन पाहिलं. मधल्या काळात डवरणी झाली होती. बैलांच्या डवऱ्यानं तासांमधली, म्हणजे झाडांच्या ओळींमधली, माती हलली, ती झाडांच्या बुडाशी चढली, आणि भाऊ टेप मातीपासून लावत होते. उगवताना जी पहिली दोन पानं येतात ती गळून खोडावर खूण राहते. मॅडमनी कॉम्प्युटरातल्या झाडावर लिहिलं, उंची त्या खुणेपासून मोजायची, माती चढली असेल तर बाजूला सारून. भाऊ म्हणाले, "हे आधीच सांगतलं असतं तं झाडाचा अपमान झाला नसता."

गिऱ्हाइकंही यायची. आमचं गिऱ्हाईक म्हणजे प्रश्न घेऊन येणारा माणूस. बाभुळगावकडचे एक काका आले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"तुमच्या कॉम्प्युटरात पाहून सांगा ताई, चांगली पऱ्हाटी कोणती."

"चांगली म्हणजे कशी?"

"चांगली म्हणजे चांगली."

"जमीन कशी आहे तुमची?"

"बरड. मुरूमच हाय समजा."

"पाणी?"

"पाणी असतं तं तुमच्यापाशी कायले आलो असतो?"

अशी एकेक गाठ सोडवत गेलं की 'चांगली'चे तुकडे पडतात. लवकर येणारी, मूळ खोल नेणारी, आखूड फांद्यांची. काकांना मी दोन वाणं काढून दिली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "आन रोही खाणार नाही अशी पाह्यजे." रोही म्हणजे नीलगाय. आमच्या झाडावर रोह्याची डहाळीच नव्हती. मॅडम म्हणाल्या, टाकून ठेवा. टाकली. 'कसं पाहिलं' यापुढे लिहिलं, 'सकाळी वावरात जाऊन'. ती डहाळी अजून जवळजवळ रिकामी आहे. रोही अजून तरी सगळंच खातो.

ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. अळीच्या धास्तीनं लोक तुडतुड्यालाही फवारत, मावा दिसला तरी फवारत, आणि काही दिसलं नाही तर शेजारी फवारतो म्हणून फवारत. एका औषधात दुसरं मिसळून. एका पावसाळ्यात तर फवारणारी माणसंच आजारी पडून यवतमाळच्या दवाखान्यात यायला लागली. त्यांत दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचा गणेश राठोड होता. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. घरात गोरबोली बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी. गणेश वाचला, पण कितीतरी दिवस त्याला समोरचं धूसर दिसायचं, आणि बरा झाल्यावरही तो कपाशीच्या वावरात पाय ठेवेना. त्याची आई जमनाबाई. तिनं घरातला फवारणीचा पंप उचलला आणि भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला. घासाघीस केली नाही म्हणे.

मग ती आमच्या शेडमध्ये आली. पदराच्या गाठीत सरकी होती. संकरित यायच्या आधीचं सरळ वाण, दरवर्षी घरचंच बी धरलेलं, ती बांधाकडेनं एक तास लावत आली होती. बी विकत घ्यावं लागत नाही, एवढंच त्याचं कौतुक होतं.

"हिले मी कधीच फवारा मारला नाही," ती म्हणाली. "कोणी पाह्यत नव्हतं तिच्याकडे, म्हणून राह्यलं. पण खराब बी झाली नाही. पाहा तुमी."

मॅडमनी तिच्याशी बोलून ठरवलं. तिचं वाण आमच्या प्लॉटमध्ये बाकीच्या वाणांबरोबर पेरायचं, सगळ्यांचे गुण टिपायचे, आणि त्यांतली सरस निघतील ती पुढच्या वर्षी तांड्याच्या जमिनीत बियाण्यासाठी लावायची. तांड्यानं जमीन द्यायला होकार दिला. अट जमनाबाईची. वावरात पंप येणार नाही.

त्या हंगामात नोंदींची वाटणी अशी होती की लव नामदेवभाऊंनी पाहायची आणि तुडतुड्यांचं नुकसान मी. मी दर आठवड्याला काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन दारव्ह्याला जायची, झाडाझाडाशी वाकून पानांच्या कडा बघायची आणि आकडा लिहायची. घरी येऊन पुन्हा शंका. पिवळी होती की मलाच ऊन लागलं होतं? पुढच्या वेळी मागचा आकडा न बघता पुन्हा तेच झाड. माझ्या घाबरटपणाचा संस्थेला झालेला फायदा मोजायला मात्र अजून माप निघालेलं नाही.

दिवाळी जवळ आली. बोंडं फुटली. आता आमच्या कामातली एक गोष्ट समजून घ्या. जी वाणं निवडली जातात त्यांचा कापूस वेगळा वेचतात, वेगळ्या चुंगडीत भरतात, त्याची सरकीही वेगळी काढतात. जी गळाली त्यांचा कापूस एकत्र वेचून सरकी काढायला जिनिंगला जातो. तिथे सगळी सरकी मिसळली की ते वाण संपलं. नंतर कितीही हळहळा, मिसळलेली सरकी वेगळी करता येत नाही. म्हणून यादी वेचणीच्या आधी पक्की व्हावी लागते. वेचणी दुसऱ्या दिवशी होती. वेचायला तांड्यावरच्याच बाया येणार होत्या आणि त्यांची मुकादम जमनाबाई.

मॅडमनी कॉम्प्युटरला विचारलं. लवकर येणारी, पानाला लव असलेली, बोंड बऱ्यापैकी. छोटीशी यादी आली. जमनाबाईचं वाण त्यात नव्हतं. लवकर येत होतं, बोंडही बरं होतं, पण लवेपुढे नामदेवभाऊंनी लिहिलं होतं 'नितळ'. म्हणजे लव नाहीच. फवारा न मारता तांड्यात लावायचं तर नितळ पानाचं वाण कोण घेईल? मॅडमचं काही चुकलं नव्हतं.

जमनाबाईला फोन करायचं माझ्याकडे आलं. ती ऐकून घेत राहिली.

"म्हंजे माह्यंच बियाणं माह्याच वावराले नापास?"

"यादीत नाही आलं," मी म्हटलं.

"घरची सरकी थोडी तरी ठेवून घ्यायची होती मी. सारी तुमाले देल्ली. बांधावरची झाडं तं या साली शेळ्यांनी खाल्ली." मग म्हणाली, "उद्या आपल्याच हातानं वेचून त्या ढिगात टाकायची. बरं. येतो आम्ही."

फोन ठेवला आणि मला बसवेना. मॅडम परत जाऊन कॉम्प्युटरशी बसल्या होत्या. यादी पक्की करायच्या आधी त्या नेहमी नात्यांची तपासणी लावायच्या. जिथे दोन डहाळ्यांचं नातं जुळत नाही तिथे ओळ लाल होते. जमनाबाईच्या वाणाची ओळ लाल होती. पान नितळ, आणि तुडतुड्यांचं नुकसान जवळजवळ नाही.

"दोनातली एक नोंद बरोबर नाही," मॅडम म्हणाल्या. "तुडतुडे कोणी पाह्यले?"

"मी."

नामदेवभाऊ शेतीत जन्मलेले, मी भाताच्या देशातली. आणि त्या क्षणी मला अगदी खात्री झाली की मलाच दिसलं नाही. "मॅडम, माझंच चुकलं असेल."

"चुकलं की नाही ते मी विचारलंच नाही. कसं पाह्यलं ते सांगा."

मी सांगितलं. वरून कितवं पान, कोणत्या वेळी, कडा वळली असेल तर काय लिहिते, पिवळी असेल तर काय. बोलताबोलता माझा आवाज सरळ झाला. मॅडमनी ऐकलं आणि नामदेवभाऊंच्या सगळ्या ओळी एकाखाली एक लावल्या. नितळ. नितळ. नितळ. मधेच एखादं 'थोडी लव'. पुन्हा नितळ. खानदेशातलं वाण नितळ, मेळघाटातलं नितळ, तांड्यावरचं नितळ. 'कसं पाहिलं' यापुढे सगळीकडे एकच शब्द होता. 'हातानं.'

मॅडम खुर्चीला टेकल्या. "एवढ्या साऱ्या वाणांनी एकाच प्लॉटमध्ये दाढी केली काय?"

भाऊंचा फोन लागेना. तो लागला तर नवल.

सकाळी पहिल्या जीपनं आम्ही दोघी निघालो. मॅडमच्या पर्समध्ये भिंगं होती. मी देवाचं नाव घेत होते आणि त्याच वेळी माझे आकडे आठवत होते. माझे आकडे खोटे ठरले तर जमनाबाईचं वाण जाणार, आणि माझंही जे काय आहे ते जाणार, असं मला वाटत होतं.

प्लॉटवर बाया कमरेला कापसासाठी ओट्या बांधून तयार होत्या. जमनाबाई सगळ्यांत पुढे. आमच्याकडे पाहून हसली नाही. नामदेवभाऊ बांधावर बसून खर्रा घोटत होते. पानठेल्यावरचा तयार खर्रा त्यांना चालत नसे. तंबाखू, सुपारी, चुना तळहातावर घ्यायचा आणि अंगठ्यानं घोटत राहायचं. बोलणं अंगठ्याच्या तालावर.

"भाऊ," मॅडमनी विचारलं, "लव कशी पाह्यली होती तुमी?"

"कशी म्हंजे? अशी." भाऊ उठले, हात धोतराला पुसला, जमनाबाईच्या वाणाचं एक पान धरलं आणि त्याच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. डोळे मिटून, नाडी पाहिल्यासारखा. "नितळ."

जमनाबाईनं त्यांच्या हातातून तेच पान घेतलं आणि ओठावरून फिरवलं. मग त्यांच्याकडे पाहत राहिली.

"हे नितळ? भाऊ, हे तं मांजरीच्या पोटावानी हाय."

"काय बोलून राह्यली?"

"लावून पाहा ना गालाले."

भाऊंनी पान गालाला लावलं. काढलं. परत लावलं. मग आपला उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून ते असे बघत राहिले की जणू कुणा दुसऱ्याचा अंगठा त्यांच्या हाताला चिकटला आहे. इतक्या वर्षांच्या चुन्यानं त्या अंगठ्याची कातडी पांढरट, जाड, गुळगुळीत झाली होती. मॅडमनी त्यांच्या अंगठ्यावर नख दाबलं. "लागते काय?"

"नाही बा."

"आता?"

"दाबून राह्यल्या का तुमी?"

बाया हसत सुटल्या. एकीनं ओटीत तोंड खुपसलं. मग भाऊही हसायला लागले. "अंगठ्यानं दगा देल्ला राज्या. आमच्या बायकोले सांगू नका. ती म्हणते, तुमाले काहीच लागत नाही, तं खरं निघालं."

मॅडमनी भिंग लावून पान उन्हासमोर धरलं आणि मला दिलं. मागच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, शिरांच्या मधल्या जागेतही, बारीक चंदेरी केस असे दाट उभे होते की पान कडेनं चमकत होतं. माझे आकडे खरे होते. मी भिंग डोळ्याला तसंच धरून ठेवलं, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

"वेचणी आज नाही," मॅडम म्हणाल्या. "आज पानं पाहायची. मजुरी आजची तेवढीच मिळंल."

त्या दिवसासारखी गंमत मी पुन्हा पाहिली नाही. भिंगं थोडी आणि बाया जास्त. जोड्या केल्या. एक पान तोडणार, एक बघणार. ओठानं नाही, गालानं नाही, सगळ्यांनी भिंगानंच, वरून त्याच नंबरचं पान, उन्हाकडे पाठ न करता. मॅडमनी लव दाट, मध्यम, विरळ, नितळ यांची एकेक नमुन्याची पानं पाटीवर चिकटवली. आता 'मध्यम' म्हणजे केवढं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती, पाटीवर बघायचं. नामदेवभाऊ पाटी घेऊन प्रत्येक तासाच्या टोकाला उभे राहिले आणि कुणी घाई केली की ओरडायचे, "नीट पाहा वो, माह्यासारखं करू नका." जमनाबाई आपल्या वाणाच्या तासाला गेली नाही. म्हणाली, "तिथं दुसऱ्या बाईले पाठवा. मी तं दाटच म्हणीन." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

ऊन उतरायच्या आत सगळा प्लॉट पुन्हा पाहून झाला. निम्मी 'नितळ' वाणं नितळ नव्हती. जमनाबाईचं वाण दाट लवेच्या रांगेत सगळ्यांत वर आलं. दुसऱ्या दिवशी वेचणी झाली तेव्हा त्याची चुंगडी वेगळी बांधली गेली, आणि ती जमनाबाईनं जीपपर्यंत स्वतः डोक्यावर नेली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू द्या, ताई. हलकी हाय."

आता एक सांगते, ज्याचा मला अभिमान आहे. आम्ही नामदेवभाऊंच्या नोंदी खोडल्या नाहीत. मला वाटलं होतं खोडायच्या. मॅडम म्हणाल्या, कायले खोडायच्या? त्यांनी लिहिलं ते त्यांच्या अंगठ्याला खरंच तसं लागलं होतं. आपली चूक ही की 'हातानं' एवढ्यावर आपण नोंद चढू दिली. मग लवेच्या डहाळीला दोन धुमारे फुटले. एक भिंगानं पाहिलेली लव, एक अंगठ्यानं पाहिलेली. दोन्ही झाडावर आहेत, आपापल्या जागी, एकमेकींत न मिसळता. पुढे ही दुरुस्ती कपाशीच्या मोठ्या सामाईक झाडावर चढली. ते झाड ठिकठिकाणचे कपाशीवाले मिळून सांभाळतात. कॉम्प्युटरवरच्या त्या मीटिंगमध्ये परदेशातल्या एका बाईंनी विचारलं, स्पर्शानं पाहण्यात एवढा फरक का पडावा? मॅडम इंग्रजीतून खर्रा समजावत होत्या आणि मी शेजारी बसून पदर तोंडावर धरला होता. बाईंनी अगदी मनापासून विचारलं म्हणे, की हा पदार्थ जेवणाआधी घेतात की नंतर?

नामदेवभाऊंचा खर्रा सुटला नाही. डाव्या अंगठ्यानं घोटायला लागले. उजवा अंगठा, म्हणाले, आता सरकारी कामाले ठेवला.

सगळंच जिंकलो असं नाही. उशिरा फुटलेल्या बोंडांत अळी जायची ती जातच राहिली. तिच्यासाठी शेत लवकर मोकळं करण्याशिवाय आमच्या झाडाकडे उत्तर नव्हतं. आणि एक सल माझा घरचा आहे. आमच्या गावी कातळालगतच्या खाचरात एक तांबडं भात व्हायचं. पावसानं ओढ दिली तरी उभं राहायचं. आई त्याची पेज करायची. आता ते कुणाकडेच नाही. त्याची लोंबी केवढी, दाणा किती लांब, किती दिवसांत यायचं, कुणी पाहून ठेवलं नाही. मीही नाही. तेव्हा मला असं पाहतात हेच माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या मुलखातली कपाशी पानापानानं माहीत झाली आणि घरचं भात नावापुरतं उरलं, याचं काय करायचं ते मला कळत नाही.

पण जमनाबाईचं वाण उरलं. पुढच्या पावसाळ्यात ते तांड्याच्या जमिनीत लागलं. ऑगस्टमध्ये उघडीप पडली आणि तुडतुडे आले, दरवर्षीसारखे. आजूबाजूच्या वावरांतून पंपांचे आवाज येत होते, वाऱ्यावर औषधाचा तो उग्र, गोडसर वास. मी आणि मॅडम नोंदी घ्यायला गेलो होतो. शेजारच्या वावराच्या पऱ्हाटीची पानं वाटीसारखी वळून पिवळी झाली होती. बांध ओलांडला की हिरवं. तुडतुडे तिथेही होते, झटकलं की उडायचे, पण पानं सपाट आणि ताठ होती. मी आकडा लिहिला. मागे जाऊन पुन्हा पाहिला. तोच आला.

दुपारी जमनाबाई टोपलं घेऊन आली. मला वाटलं, बांधावरच्या निंबाखाली बसायचं. इकडे पावसाळ्यात कपाशीच्या वावरात कुणी जेवत नाही. पानाला हात लागला तर आधी साबणानं हात धुतात, लेकरांना तासांत शिरू देत नाहीत. पण ती निंबाजवळून पुढे गेली आणि दोन तासांच्या मधोमध पोतं अंथरलं.

"इथं?" मॅडमनी विचारलं.

"मंग? काय लागलं हाय हिले?"

तिनं मागे वळून हाक मारली. गणेश बांधावर उभा होता. दवाखान्यातून आल्यापासून तो कपाशीत उतरला नव्हता. आईनं पुन्हा हाक मारली नाही, नुसत्या भाकरी वाढायला घेतल्या. थोड्या वेळानं तो आला. झाडं त्याच्या दोन्ही हातांना घासत होती. तो आधी अंग चोरून चालला, मग नीट चालला. पोत्याच्या कडेला बसला.

"याडी," तो म्हणाला. गोरबोलीत आईला याडी म्हणतात. पुढचं त्यांच्या बोलीत होतं, मला कळलं नाही. जमनाबाईनं त्याच्या हातावर भाकर ठेवली, वर ठेचा ठेवला. वाऱ्यानं एक फांदी हलली आणि तिचं पान त्याच्या भाकरीला टेकलं. त्यानं ते बोटानं बाजूला केलं आणि त्याच हातानं घास मोडला.

आम्ही सगळ्यांनी तिथेच जेवून घेतलं. मग मी हात पदराला पुसले आणि पुढच्या तासातली पानं बघायला लागले.